शाळेची बातमी, मुलांची ओळख

प्राथमिक शाळेची बातमी पूर्वी गावाच्या वेशीबाहेर क्वचितच जात असे. फलकावर खडूने लिहिलेली सहलीची तारीख, मुलांनी सजवलेले हस्तलिखित, स्नेहसंमेलनाची पत्रिका आणि फार तर तालुक्याच्या वार्ताहराने छापून आणलेला बक्षीस समारंभाचा फोटो, एवढ्यावर भागत होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला आणि रोजचा अभ्यास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. शाळा पुन्हा भरल्या तरी इयत्तावार ग्रुप तसेच राहिले. आता परिपाठ, पोषण आहाराची पंगत, बालबाजार, वृक्षारोपण, शिष्यवृत्तीचा निकाल, सगळे काही त्याच दिवशी पालकांच्या हातात पडते. शाळेचे फेसबुक पेज, यूट्यूब चॅनल आणि शिक्षकांची स्वतःची इन्स्टाग्राम खाती यांची त्यात भर पडली आहे.

याचा फायदा मोठा आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांना गावी आजीजवळ राहिलेले लेकरू रंगमंचावर दिसते. लोकवर्गणीतून रंगवलेल्या भिंती आणि नवे संगणक गावाला दिसले, की पुढच्या कामाला माणसे आपणहून पुढे येतात. पट टिकवण्यासाठी धडपडणाऱ्या जिल्हा परिषद शाळेला हा आधार लागतोच. म्हणून बातमी द्यावी की नाही, हा वाद घालण्यात अर्थ नाही. बातमी देताना मुलाची ओळख किती उघड करायची, एवढेच नीट ठरवायला हवे आणि बहुतेक शाळांत ते कुणीच ठरवलेले नसते.

वृक्षारोपणाचा एक नेहमीचा फोटो घेतला तर हे स्पष्ट होते. हातात रोप घेतलेली तिसरीतली मुलगी समोर उभी आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचे नाव, इयत्ता आणि वडिलांचा मोबाइल नंबर वाचता येतो. मागे कमानीवर शाळेचे नाव आहे. फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, तालुका, पिनकोड, अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापलेली आहे, कारण वरच्या कार्यालयाला पुरावा म्हणून जीपीएस मॅप कॅमेऱ्याने काढलेलाच फोटो लागतो. अभिनंदनाच्या मजकुरात तिचे पूर्ण नाव पुन्हा येते. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरुपद्रवी आहे. एकत्र आल्या, की अनोळखी माणसाला या मुलीला कोणत्या नावाने हाक मारायची, ती दिवसभर कुठे असते आणि तिच्या घरचा नंबर कोणता, हे सगळे आयते मिळते. आपले नाव, वर्ग आणि वडिलांचे नाव जाणणारा माणूस आठ वर्षांच्या मुलाला परका वाटतच नाही. ‘तुझ्या पप्पांनी मला घ्यायला पाठवलंय’ हे वाक्य त्यामुळेच खपून जाते.

यावरचा उपाय शिक्षकाच्या हातात आहे आणि त्याला खर्चही नाही. अहवालासाठी पट्टीचा फोटो वेगळा काढावा आणि तो अहवालापुरताच ठेवावा. पालकांसाठी साध्या कॅमेऱ्याने दुसरा काढावा. फोटोपूर्वी ओळखपत्रे खिशात किंवा पाठीमागे घ्यायला सांगावीत. फोनचे लोकेशन सुरू असेल, तर ठिकाणाची नोंद फोटोच्या फाइलमध्येही दडलेली असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ती निघून जाते, पण फोटो स्पष्ट दिसावा म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच पुढे जाते. पट्टीवर छापलेला पत्ता मात्र कशानेही निघत नाही.

ग्रुपमधला फोटो ग्रुपमध्ये राहतो, ही समजूत चुकीची आहे. तो आईच्या स्टेटसला लागतो, तिथून मामाकडे, भावकीच्या ग्रुपवर आणि पुढे फेसबुकवर जातो. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले तरी ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहतोच. जाहीर चॅनलवर गेलेल्या व्हिडिओचा धोका त्याहून मोठा. मुलांच्या अगदी साध्या व्हिडिओंखाली विकृत माणसे जमून शेरे मारतात हे उघड झाल्यावर यूट्यूबने २०१९ मध्ये लहान मुले दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या. जानेवारी २०२० पासून व्हिडिओ ‘मुलांसाठी’ आहे का, हे चॅनल चालवणाऱ्याला सांगावे लागते. तशी नोंद केली की कमेंट आणि व्यक्तिगत जाहिराती दोन्ही बंद होतात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. चेहरा स्पष्ट दिसणाऱ्या एका साध्या फोटोवरूनही बनावट अश्लील चित्र तयार करता येते. त्यामुळे एकट्या मुलाचा जवळून घेतलेला चेहरा जाहीर ठिकाणी टाकण्याआधी दहादा विचार व्हावा.

विद्यार्थ्यांना नाचायला लावून शिक्षकाने स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या रीलला शाळेची बातमी म्हणता येणार नाही. तिथे मुलांच्या निरागसपणावर एका व्यक्तीचे फॉलोअर वाढत असतात आणि मुलांना ‘नको’ म्हणायची सोयही नसते. शाळेचे चित्रण शाळेच्या खात्यावरच जावे, त्या खात्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे असावा आणि शिक्षकाची बदली झाली की तो बदलावा.

ब्रिटनमधल्या अनेक शाळांत एक सोपा नियम पाळला जातो: फोटो असेल तर नाव नाही, नाव असेल तर फोटो नाही. आपल्याकडेही तो सहज चालेल. शिष्यवृत्तीच्या निकालाची नावे वर्गाच्या ग्रुपवर द्यावीत. जाहीर पेजवर ‘पाचवीच्या तीन विद्यार्थिनी’ एवढे पुरते. पोळ्याला मुलांनी केलेले मातीचे बैल, परसबागेतली पहिली मेथी, बालबाजारात सुटे पैसे मोजणारे हात, फळ्याकडे तोंड करून बसलेला वर्ग अशा फोटोंतून शाळेचे काम चेहऱ्यांपेक्षा जास्त नीट दिसते. सहलीचे फोटो बस परतल्यावर टाकावेत, वाटेत नव्हे. पूर्ण नावाचे प्रमाणपत्र, जन्मतारीख आणि गुणपत्रक जाहीर ठिकाणी कधीच जाऊ नये.

काही प्रसंगांत सुरक्षिततेइतकाच मुलाच्या मानाचाही प्रश्न असतो. वह्यावाटपाच्या फोटोत दाते रांगेने उभे असतात, मधे एक मूल दोन्ही हात पुढे करून कॅमेऱ्याकडे पाहत असते आणि खाली ‘गरजू विद्यार्थ्यांना’ असे लिहिलेले असते. गावात ते मूल सगळ्यांना माहीत असते आणि तो फोटो पुढची अनेक वर्षे शोधला की सापडत राहतो. आरोग्य तपासणीत वजनकाट्यावर उभे राहिलेले किंवा पहिल्या दिवशी शाळेच्या दारात रडणारे मूल यांचेही तसेच. देणगीदाराला पोच हवीच असते आणि ती रास्तही आहे. मुलांनी काढलेली चित्रे आणि वह्यांच्या गठ्ठ्यांचा फोटो आभारपत्रासोबत पाठवला तर त्याचाही मान राहतो, मुलाचाही.

संमतीच्या बाबतीत बहुतेक शाळांचा कारभार अजून तोंडी आहे. काही ठिकाणी प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य असते आणि सही घेतली की पहिली ते चौथीचा प्रश्न मिटला असे धरले जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची अपेक्षा वेगळी आहे. त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते आणि संमती कशासाठी आहे ते स्पष्ट असावे लागते. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शाळांना तयारीला मिळालेला हा वेळ आहे. एका कागदावर वर्गाचा ग्रुप, शाळेचे पेज, वर्तमानपत्र आणि व्हिडिओ असे चार वेगळे रकाने करून दरवर्षी जूनमध्ये सही घेतली, तरी मोठी मजल मारल्यासारखे होईल.

नकार देणाऱ्या पालकाला कारण विचारू नये. ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल, त्रास देणाऱ्या नवऱ्यापासून लपून आई नव्या गावी आलेली असेल, मूल दत्तक असेल किंवा बालगृहातले असेल. अशा घरांसाठी गणवेशातला एक फोटो म्हणजे पत्ताच. नकार दिलेल्या मुलाला फोटोच्या वेळी बाजूला काढून उभे करणे हीसुद्धा शिक्षाच ठरते, म्हणून त्याला सगळ्यांबरोबर घेऊन शाळेच्या नोंदीसाठी एक आणि बाहेर देण्यासाठी त्याचा चेहरा न दिसणारा दुसरा, असे दोन फोटो काढावेत. मुलालाही विचारावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपला कोणता फोटो लोकांनी पाहिलेला आवडणार नाही, हे पक्के कळते. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्रावरचा हक्क जपण्याची जबाबदारी आईवडिलांवर घातली आणि वयाप्रमाणे मुलाचे मतही घ्यायला सांगितले. भारतात घरगुती वापर डेटा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो स्टेटसला लावण्याआधी त्याच्या आईला विचारणे ही पालकांनी आपसात पाळायची रीत आहे.

वर्गाच्या ग्रुपवर प्रत्येक सदस्याचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो. आधार किंवा अपार क्रमांकाची मोहीम निघाली की घाईत पालक मुलाच्या आधारकार्डाचा फोटो त्याच ग्रुपवर टाकतात. अशी कागदपत्रे वर्गशिक्षकांना वेगळी पाठवावीत किंवा शाळेत नेऊन दाखवावीत. ग्रुपची लिंक गावात फिरवू नये, सदस्यांची यादी दर सत्राला तपासावी आणि सूचनेच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असे सेटिंग ठेवावे. साऱ्या शाळेला द्यायच्या निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅपची ‘कम्युनिटी’ बरी, कारण तिच्या घोषणांच्या ग्रुपवर पालकांचे नंबर एकमेकांना उघड होत नाहीत. वर्ष संपले की जुना ग्रुप बंद करावा.

मुलांच्या स्वतःच्या वापराकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून प्रमुख माध्यमांना १६ वर्षांखालच्या मुलांची खाती ठेवण्यास मनाई केली. पण महाराष्ट्रातले प्राथमिकचे मूल बहुधा स्वतःचे खाते उघडतच नाही. ते आईचा फोन घेते. कंपनीच्या लेखी तिथे ३५ वर्षांची बाई बसलेली असते. त्यामुळे लहानांसाठीचे कोणतेही संरक्षण सुरू होत नाही, मोठ्यांसाठीचे व्हिडिओ समोर येतात आणि आईला आलेला अनोळखी मेसेज आधी मूलच उघडते. अशा घरात मुलापुरते यूट्यूब किड्स ठेवणे, फॅमिली लिंकने वेळ आणि अ‍ॅप ठरवून देणे, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल’ हे ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणणे आणि गेममधली गप्पांची सोय बंद करणे, एवढे तरी करावेच.

शाळेत चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवताना पडद्यावरचा भागही त्यात यावा: फोटो मागणारा, नाव-गाव विचारणारा आणि ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणणारा माणूस दिसला की लगेच मोठ्यांना सांगायचे. मूल सांगायला आले, की अनेक घरांत पहिली चापट त्यालाच बसते आणि फोन काढून घेतला जातो. पुढच्या वेळी ते गप्प राहते आणि धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

काही अघटित घडलेच, तर स्क्रीनशॉट, लिंक, खात्याचे नाव आणि वेळ जपून ठेवावी व मगच ते खाते ब्लॉक करावे. मजकूर अश्लील असेल तर त्याचा स्क्रीनशॉट किंवा प्रत काढू नये. फोन तसाच पोलिसांना दाखवावा. सावध करण्याच्या हेतूनेही तो कुणाला पुढे पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार बालकाचा अश्लील मजकूर पसरवणे हा गुन्हा आहेच आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात तो जवळ बाळगण्याबाबतचा कायदाही कडक लावला आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. मुलांबाबतच्या अशा गुन्ह्यांत नाव न देता करण्याचीही सोय तिथे आहे. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि १९३० हा सायबर क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रकरण शाळेतल्या शाळेत मिटवता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा किंवा परिसर यांवरून ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करता येत नाही. गावातली चर्चा वर्गाच्या ग्रुपवर उसळते ती नेमकी अशाच वेळी, म्हणून मुख्याध्यापकांनी त्या दिवशी ग्रुप फक्त अ‍ॅडमिनपुरता करावा आणि पालकांना शाळेत बोलावून त्यांच्याशी बोलावे.

हे सगळे ठरवायला नवी यंत्रणा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित व सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी महाराष्ट्रातल्या शाळांत सखी सावित्री समितीही असते. फोटो कोण काढणार, कुठे टाकणार, पासवर्ड कुणाकडे, तक्रार कुणाकडे, याचा पानभर ठराव जूनच्या पहिल्या बैठकीत करून सूचना फलकावर लावता येतो.