टाइल्सच्या ओट्यावरच्या फटी काळ्या का पडतात?

विजयदुर्गसारख्या समुद्रकाठच्या गावात स्वयंपाकघराच्या ओट्यावर काय काय होतं? बांगडे साफ होतात, वाटण काढलं जातं, सोलकढीसाठी आगळ ओतलं जातं. ओटा टाइल्सचा असेल, तर टाइल्स चकचकीत राहतात, पण मधल्या फटी काळ्या पडतात. असं का होतं?

टाइलवर काचेसारखा थर असतो. त्यातून पाणी किंवा तेल आत जात नाही. फटींमधलं ग्राउट मात्र बहुतेकदा सिमेंटचं असतं आणि त्याला बारीक छिद्रं असतात. त्यात हळद, तेल, माशांचं पाणी मुरतं. वर पावसाळ्याची दमट हवा, म्हणजे बुरशीला आयतं घर.

मग आपण ॲसिड ओततो आणि तिथेच चुकतो. ॲसिड सिमेंटलाच खातं. फट स्वच्छ दिसते, पण आणखी खोल होते आणि पुढच्या वेळी जास्त मळ धरते. लिंबू, कोकम, व्हिनेगर सांडून राहिलं, तरी हळूहळू हेच होतं.

मग काय करायचं?

• सांडलेलं लगेच पुसा.
• फटी साबणाच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरड्या करा.
• ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
• नवा ओटा करताना मोठ्या टाइल्स घ्या, म्हणजे फटी कमी. इपॉक्सी ग्राउट महाग असतं, पण ते पाणी जवळपास शोषत नाही.

आणि जुना ओटा फोडायचा विचार असेल, तर थांबा. टाइल्स पक्क्या असतील, तर आधी फटी खरवडून नवं ग्राउट भरून बघा.