जरा आणि स्मृतिभ्रंश

संयुत्तनिकायातील नकुलपितासुत्तात भगवंतांनी जराजीर्ण नकुलपित्यास, शरीर आतुर झाले तरी चित्त आतुर होऊ देऊ नये, असा उपदेश केला आहे. त्याचा आधार घेऊन स्मृतिभ्रंश जडलेल्या वृद्धाची साधनाच कमी पडली असे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. स्मृतिभ्रंश मेंदूच्या रोगांतून उद्भवतो. मेंदू हा शरीराचाच भाग. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने त्याचा धोका वाढविणारे, पण आटोक्यात आणता येण्याजोगे १४ घटक सांगितले. त्यांत बहिरेपणा, विषण्णता, एकाकीपणा आहेत. अपुरे शिक्षणही आहे. आमच्या कित्येक आजी-आजोबांना शाळेचे दारच बंद होते, हे येथे विसरता येत नाही. विषण्णतेमुळे आलेले विस्मरण मात्र उपचाराने सुधारू शकते. म्हणून वंदनेचे शब्द विसरू लागलेल्या उपासकास आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.