घोंगडे भिजत ठेवू नका!



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. खुंटीला अडकवलेली किंवा माळ्यावर पडून राहिलेली आपल्या घरातली घोंगडी धुवायची कशी आणि जपायची कशी, हा तो विषय.

"ऊस विकास अधिकाऱ्याला घोंगडीचे काय पडले आहे?" असे कोणी विचारील. सांगतो. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात चासकमान, घोड आणि खडकवासल्याच्या पाटपाण्यावर ऊस वाढला. विहिरी आणि बोअर झाले. पण ज्या आठवड्यात लाईट रात्रीची, त्या आठवड्यात दारं धरायला रात्रीच जावे लागते. बिबट्याच्या भीतीने आता दोघे-तिघे मिळून जातात. पौषातल्या पहाटे सरीत उभे राहून पाणी फिरवणाऱ्या माणसाला विचारा, अंगावर काय हवे. दुकानातला गुळगुळीत रग दवाने ओला झाला की गारठतो. घोंगडीचे तसे नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. शेकोटीची ठिणगी पडली तर लोकर काळी पडून विझते; नायलॉन-ॲक्रिलिकसारखी वितळून कातडीला चिकटत नाही.

असे हे गुणाचे वस्त्र आमच्या डोळ्यांदेखत घराघरांतून वाया जाताना दिसते. एका वस्तीवर सूनबाईंनी मोठ्या हौसेने सासऱ्यांची घोंगडी मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली. बाहेर आली ती निम्म्या मापाची आणि पायपुसण्यासारखी घट्ट. आजी एवढेच म्हणाल्या, "अगं, मेंढराला कुणी उकळत्या पाण्यात घालतं का?" आमच्या मते लोकरीचे सगळे शास्त्र आजींच्या या एका वाक्यात आले.

लोकर म्हणजे केस

सुती कापड झाडापासून येते, लोकर जनावराच्या अंगावरून. लोकर म्हणजे केसच, आणि केसाचा मुख्य घटक केराटिन नावाचे प्रथिन आहे. धुण्याचा सोडा, कडक पावडर, कॉस्टिक ही क्षाराची जात प्रथिनाची वैरी. कारखान्यात बाष्पीभवन पात्रांतील कीट काढण्यासाठी कॉस्टिक सोडा उकळतात, हे सभासदांना ठाऊक आहे. त्याच कॉस्टिकच्या गरम द्रावणात लोकरीचा धागा टाकला तर काही वेळात विरघळून जातो. सुताचा धागा मात्र राहतो. कापडात लोकर किती आणि सूत किती हे तपासण्याची ती प्रयोगशाळेतली रीतच आहे. घरची पावडर इतकी जहाल नसते, पण दर धुण्याला थोडे थोडे तेच काम करते.

दुसरी गोष्ट. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. घोंगडी आटते ती अशी. काश्मीरचे आणि राजस्थानातील टोंकचे नमदे करणारे कारागीर लोकरीचा हाच गुण मुद्दाम वापरून मागाशिवाय जाड बिछायत तयार करतात. त्यांना जे हवे असते, ते आपल्याला नको आहे.

तिसरी गोष्ट मेणाची. मेंढीच्या कातडीतून निघणारे लोकरमेण, म्हणजे लॅनोलिन, केसाला पाण्यापासून राखते. घोंगडीत त्याचा अंश उरलेला असतो. कडक धुण्याने तो निघून गेला की पावसात खोळ करून घेतलेली घोंगडी लवकर पाणी धरू लागते. म्हणून घोंगडी वारंवार धुवू नये. उन्हे दाखवणे, झटकणे आणि वर्षातून एकदा नीट धुणे एवढे पुरेसे आहे.

धुण्याची रीत

1. आधी कोरडी साफ करा. घोंगडी दोरीवर टाकून वेताच्या काठीने हळू झोडपा. माती, पाचटाचा भुसा, कुसळे निघून जाऊ द्या. धूळ भरलेली घोंगडी पाण्यात टाकली तर तिचा चिखल होऊन केसांत बसतो.

2. पाणी थंड किंवा फार तर कोमट घ्या. हाताला गरम लागले तर ते लोकरीला जास्तच गरम आहे. धुण्याचे आणि खळबळण्याचे पाणी सारखेच हवे. एक गरम, एक गार असे नको.

3. साबण रिठ्याचा. रात्री रिठ्याची टरफले पाण्यात भिजवून सकाळी कुस्करून गाळून घ्या. आपल्याकडे कित्येक बोअरचे पाणी जड आहे. त्यात साध्या साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा चिकट साका लोकरीत अडकतो. रिठ्याचा असा साका होत नाही. रिठा नसेल तर केस धुण्याचा सौम्य शाम्पू थोडासा वापरा. जे आपल्या डोक्याला चालते ते घोंगडीला चालते. सोडा, ब्लीचिंग पावडर आणि कपड्यांची कडक पावडर मात्र पूर्ण वर्ज्य.

4. भिजवणे पंधरा-वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. एखादा प्रश्न लोंबकळत राहिला की आपण 'घोंगडे भिजत पडले' म्हणतो. वार्षिक सभेत हा शब्द आपण सर्वांनी ऐकला आहे. पण खरे घोंगडेही भिजत ठेवू नये. ओली लोकर फुगते आणि कमजोर होते, स्वतःच्या वजनाने ताणली जाते आणि तिला कुबट वास धरतो.

5. चोळू नका, दगडावर आपटू नका, पिळू नका. तळहाताने दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दोन-तीन पाण्यांत फेस निघून जाईपर्यंत खळबळा. शेवटच्या बादलीत एका लिंबाचा रस टाकला तर साबणाचा उरलेला क्षार मारला जातो.

6. वाळवताना आधी उताराच्या स्वच्छ जागेवर किंवा बाजेवर पसरून पाणी निथळू द्या. ओली घोंगडी दोरीला टांगली की खालून लांबते आणि मधून बारीक होते. सावलीत, वाऱ्यावर, आडवी पसरून वाळवा. पूर्ण कोरडी झाल्यावर तासभर ऊन दाखवा.

नवी घोंगडी प्रथम धुताना पाणी गढूळ आणि बुळबुळीत निघते. विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, ती सुटते. माल फसवा निघाला असे समजू नये. खळ गेली की घोंगडी मऊ पडते.

कसर

उन्हाळ्यात घोंगडी घडी करून ठेवली आणि दिवाळीनंतर उघडली तर चाळण झालेली, ही तक्रार नेहमीची. कसरीचा पतंग स्वतः खात नाही, खाते ती त्याची अळी. अंधार, न हलवलेली घडी आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग असला की तिचे फावते. म्हणून मळकी घोंगडी कधीही ठेवणीत टाकू नका. धुऊन, खडखडीत वाळवून, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून झटका. उन्हात झटकल्याने अंडी आणि अळ्या गळून पडतात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर वाळलेला घाला. पण पाला घातला म्हणजे काम झाले असे नाही. झटकणे हाच खरा उपाय.

डांबरगोळ्या वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा गोळ्यांत ठेवलेले लोकरीचे वस्त्र तसेच काढून तान्ह्या बाळाला गुंडाळू नये. नॅप्थलिनच्या वाफेने काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. ठेवणीत कीटकनाशक भुकटी तर मुळीच टाकू नका. पूर्वी काही घरांत बीएचसी पावडर टाकत. त्या औषधावर आपल्या देशात 1997 साली बंदी आली. फवारणीचा पंप, औषधाचे डबे आणि घोंगडी एका खोलीत ठेवू नयेत.

मोटारीचा हातमोजा

आता कित्येक सभासदांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी मोटारही उभी असते. ती धुण्यासाठी बाजारात लोकरीचे केसाळ हातमोजे मिळतात. चिंधीने पुसताना धुळीचा खडा रंगावर घासला जातो. लोकरीच्या लांब केसांत तो आत ओढला जातो आणि चरा कमी पडतो. पण मोजा वेळच्या वेळी साफ केला नाही तर तेच खडे पुढच्या खेपेला रंग खरवडतात. यासाठी दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक नुसत्या पाण्याची. मोजा दर थोड्या वेळाने साध्या पाण्यात खळबळा. चाके आणि ग्रीसची जागा या मोज्याने पुसू नका. तिथे जुनी चिंधी बरी. काम झाल्यावर घोंगडीचेच नियम: कोमट पाणी, सौम्य साबण, दाबून निथळणे, सावलीत वाळवणे. मोजा मेंढीच्या कातड्याचा असेल तर कडक उन्हात त्याची पाठ पापडासारखी कडक होते. अर्धवट वाळला की केस बोटांनी मोकळे करा. घोंगडीचा तुकडा मात्र मोटारीच्या रंगावर वापरू नका. मेरिनो लोकरीचा केस साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या दख्खनी मेंढीचा त्याच्या दुपटीहून जाड. तो तुकडा ट्रॅक्टरच्या सीटवर शोभेल.

एवढा आटापिटा कशासाठी?

कारण गेलेली घोंगडी आता सहज परत मिळत नाही. दख्खनी मेंढीची लोकर एका कातरणीला पाव ते अर्धा किलोच्या आसपास निघते. ती पिंजायची, सूत काढायचे, खळ द्यायची आणि मागावर विणायचे. धनगर आणि सणगर मंडळींनी पिढ्यान्पिढ्या हे काम केले. पुढे स्वस्त रग आले आणि लोकरीला गिऱ्हाईक राहिले नाही. आज कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात, कारण कातरणीची मजुरीही सुटत नाही. मग मेंढपाळ मांसासाठी दुसऱ्या जातीचे मेंढे कळपात घालतो आणि लोकरीची मेंढी मागे पडते. मागावर बसणारी नवी पोरेही फारशी दिसत नाहीत.

यात ऊसवाल्याचाही हिशोब आहे. लागणीआधी रान मोकळे असताना आपण मेंढ्या बसवतो. मेंढीच्या लेंडीखतात नत्र सुमारे 3 टक्के, तर साध्या शेणखतात अर्धा टक्का. त्यात मूत्र जागच्या जागी मुरते आणि वाहतुकीचा खर्च नाही. क्षारपड होत चाललेल्या आपल्या रानांना सेंद्रिय खताची किती भूक आहे, हे माती परीक्षणाच्या कागदांवर आम्ही दरसाल पाहतो. वाडा आपल्या रानात उतरतो तो त्या माणसाला कळप सांभाळणे परवडते म्हणून. लोकरीला चार पैसे आले तर तेवढाच त्याला आधार.

तरी सभासदांना आमची विनंती आहे. येत्या रविवारी माळ्यावरची घोंगडी खाली काढावी, उन्हात झटकावी आणि कसर आहे का पाहावी. भोक बारीक असेल तर लोकरीच्याच धाग्याने रफू करावे. आणि पुढच्या खेपेला वाडा आपल्या रानात बसला तर रानाचे ठरवतानाच मेंढपाळाला विचारावे, "घोंगडी विणून देणारं कुणी आहे का ओळखीचं?" त्याला ठाऊक असते. मागणी गेली तरच माग उठेल.

— ऊस विकास अधिकारी