बाहुला बोलूं लागतो तेव्हां

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या थोरल्या नातवानें आम्हांस ‘चाईल्ड्स प्ले’ नांवाचा अमेरिकन बोलपट पाहावयास लाविला. ज्यानें उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत घालविला, त्यानें रक्तपाताचा बोलपट पाहावा, हें पुष्कळांस विचित्र वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. थोडा वेळ बसून उठावें, असा बेत होता. परंतु शेवटपर्यंत आम्ही जागचे हाललों नाहीं. असें कां झालें, ह्याचाच विचार येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

हा बोलपट १९८८ सालचा. मूळ कथा डॉन मॅन्सिनी ह्यांची व दिग्दर्शन टॉम हॉलंड ह्यांचें. शिकागो शहरांत चार्ल्स ली रे नांवाचा एक खुनी पोलिसांच्या गोळीनें घायाळ होऊन खेळण्यांच्या दुकानांत शिरतो, आणि मरतां मरतां मंत्रप्रयोगानें आपला जीव एका बोलक्या बाहुल्यांत घालतो. पुढें कॅरेन नांवाची एक विधवा आपल्या सहा वर्षांच्या अँडीच्या वाढदिवसासाठीं नेमका तोच बाहुला एका फिरत्या विक्रेत्याकडून घेते. कारण दुकानांतील किंमत तिला परवडत नाहीं. मुलास सांभाळावयास आलेली तिची मैत्रीण त्याच रात्रीं खिडकींतून पडून मरते. ‘हें चकीनें केलें,’ असें मुलगा सांगतो. चकी हें बाहुल्याचें नांव. अर्थात् कोणीही त्यावर विश्वास ठेवीत नाहीं.

परकायाप्रवेश ही कल्पना आपणांस नवी नाहीं. शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. ‘भगवदज्जुकम्’ ह्या प्रहसनांत तर योग्याचा जीव गणिकेच्या देहांत शिरतो. विक्रमाच्या सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्याही बोलतात. परंतु त्या पुतळ्या राजास नीति शिकवितात. हा बाहुला सुरी उचलतो. जी वस्तु आपण मुलाच्या उशाशीं निर्धास्तपणें ठेवितों, तिच्याच ठिकाणीं दुष्ट बुद्धि असावी, ह्यांत ह्या भयाचें मूळ आहे. स्मशानांतील वेताळास मनुष्य सावध होऊन भेटतो. खेळण्याशीं सावधपणें वागावें, असें कोणासच सुचत नाहीं.

दिग्दर्शकाचें कौशल्य संयमांत आहे. पूर्वार्धांत बाहुला हालतांना जवळजवळ दिसतच नाहीं. जमिनीलगत कांहीं तरी धांवून गेल्याचा केवळ भास होतो. नंतर एका प्रसंगीं आईच्या हातांतील रिकाम्या खोक्यांतून न वापरलेल्या बॅटऱ्या खालीं पडतात. मग इतके दिवस बाहुला बोलत होता, तो कशाच्या बळावर? त्या क्षणीं रक्ताचा एक थेंबही पडद्यावर नाहीं, तरी आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. केविन यागर ह्यांनीं घडविलेल्या त्या बाहुल्याचा चेहरा कथेबरोबर हळूहळू मनुष्यासारखा होत जातो, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ह्या कथेच्या मुळाशीं एक सामाजिक टोमणाही आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेंत एका जातीच्या बाहुल्यांसाठीं आईबापांनीं दुकानांत अक्षरशः झोंबाझोंबी केली होती. जाहिरातीनें मुलांच्या मनाचा ताबा कसा घेतला जातो, हें मॅन्सिनी ह्यांस दाखवावयाचें होतें. चकीच्या पूर्वीं जाहिरातच त्या घरांत शिरलेली असते.

परंतु आम्हांस खिळवून ठेविलें तें निराळ्याच गोष्टीनें. तो सहा वर्षांचा पोर खरें सांगत असतो, आणि वडील माणसें त्यास वेड्यांच्या इस्पितळांत पाठवितात. येथें आम्हांस आमचीच एक चूक आठवली. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलाच्या दप्तरांत दुसऱ्याचे फीचे पैसे सांपडले. ‘गुरुजी, मीं घेतले नाहींत; त्यानें माझ्या दप्तरांत टाकले,’ असें म्हणून त्यानें ज्याच्याकडे बोट दाखविलें, तो वर्गांतील सर्वांत गोजिरवाणा व आज्ञाधारक मुलगा होता. आम्हीं त्या रडणाऱ्या पोरास छडी मारली. चौथ्या दिवशीं खरें उघडकीस आलें. आम्हीं त्याची क्षमा मागावयास हवी होती. ‘गुरुजीं’च्या मानापायीं ती मागितली नाहीं. पुढल्या वर्षीं तो शाळा सोडून गेला. ती रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.

ह्याच कल्पनेवर महेश कोठारे ह्यांनीं १९९३ सालीं ‘झपाटलेला’ हा मराठी चित्रपट काढिला. रामदास पाध्ये ह्यांच्या बोलक्या बाहुल्यानें साकारलेला तात्या विंचू आपल्या घराघरांत पोहोंचला. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्या विनोदामुळें मुलें एकाच वेळीं हंसलीं आणि भ्यालीं. खुद्द चकीही पुढें, विशेषतः १९९८ नंतरच्या भागांत, भयानकाकडून हास्याकडे वळला. हे दोन रस दिसतात तितके दूरचे नाहींत. वीतभर उंचीचा बाहुला शिव्या देतो, तेव्हां हंसावें कीं पळावें, हें आपणांस कळत नाहीं, आणि त्या न कळण्यांतच गोडी आहे.

हा बोलपट लहान मुलांस दाखवूं नये, हें सांगणें नलगे. तो मोठ्यांसाठींच आहे, आणि मोठ्यांनीं त्यांतून एवढें घ्यावें कीं, रात्रीं मूल ‘मला भीति वाटते’ असें म्हणालें, तर ‘झोंप मुकाट्यानें’ म्हणण्यापूर्वीं कशाची, हें विचारावें. आमची धाकटी नात त्या सुटींत आपली बाहुली कपाटांत कोंडून ठेवूं लागली, तेव्हां आम्हीं तिला हंसलों नाहीं. शेजारीं बसून कारण विचारलें. तिनें तें सांगितलें, आणि आम्हीं तें शेवटपर्यंत ऐकून घेतलें.