घरगुती व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायरमधील घरघर

घरी जोडलेल्या व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायरमध्ये गाण्यामागे जी अखंड घरघर ऐकू येते, तिच्यावर कंडेन्सर बदलण्याचा एकच उपाय सरसकट केला जातो. वस्तुतः त्या आवाजाची पट्टी नीट ऐकली, तर दोषाचा अर्धा माग यंत्र उघडण्यापूर्वीच लागतो. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी असून, तिच्यात तापलेल्या कॅथोडपासून निघालेले इलेक्ट्रॉन धन प्लेटकडे धावतात आणि वाटेतील ग्रिड नावाची जाळी त्यांचा प्रवाह आवरते. जाळीवरील सूक्ष्म फेरफार प्लेटवर मोठा होऊन उमटत असल्याने, जाळीपाशी संगीताखेरीज जे काही शिरेल तेही तितकेच मोठे होते. ईसीसी 83 या बहुप्रचलित व्हॉल्व्हचा वर्धनगुणक 100 आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्या टप्प्यावरील तारांबाबत एवढी काळजी का घ्यावी लागते हे कळते.

भारतातील घरगुती वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची असते. कॅथोड तापवणाऱ्या 6.3 व्होल्टच्या तारा जाळीच्या तारेजवळून गेल्या, किंवा मुख्य ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर शेजारी समांतर बसवले, तर याच 50 हर्ट्झचा खर्जातील आवाज येतो. म्हणून त्या तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कडेने न्याव्यात आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर काटकोनात ठेवावेत. याउलट घरघर बरोबर एक सप्तक वर, म्हणजे 100 हर्ट्झवर असेल, तर संशय रेक्टिफायरनंतरच्या कंडेन्सरवर जातो, कारण पूर्ण-तरंग रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतो. ढोबळ हिशोबाने 100 मिलिॲम्पिअर घेणाऱ्या यंत्रात 47 मायक्रोफॅरडच्या पहिल्या कंडेन्सरवर सुमारे 20 व्होल्टची लहर उरते, आणि जुना होऊन त्याची क्षमता निम्मी झाली की लहर दुप्पट होते. मात्र रेक्टिफायरची एक बाजू निकामी झाली, तर तेथूनही 50 हर्ट्झच येतात.

पट्टीनंतर जागा शोधायची. व्हॉल्यूम शून्यावर आणल्याने आवाज गेला, तर दोष त्याच्या आधी आहे, न गेल्यास नंतर. मग एकेका व्हॉल्व्हची जाळी कंडेन्सरमार्फत चासीला जोडून पाहिली की कोणत्या टप्प्यापर्यंत घरघर टिकते ते समजते. ही जोडणी वीज बंद करूनच करावी. अशा यंत्रात 250 ते 350 व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात, त्यामुळे ते रोधकातून रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते.

इतर आवाजांची ओळख सोपी आहे. सतत खसखस येणे हे बहुधा पहिल्या टप्प्यातील जुन्या कार्बन रोधकाचे किंवा थकलेल्या व्हॉल्व्हचे लक्षण असते. कडकड मळलेल्या सॉकेटची किंवा कच्च्या सोल्डरिंगची. आणि पेन्सिलीने हलके टिचकावल्यावर व्हॉल्व्ह घणघणला, तर त्याच्या आतील भाग सैल झालेले असतात. विहिरीवरच्या डिझेल इंजिनासारखी फट-फट मात्र वेगळीच: शेवटच्या टप्प्यातील फेरफार वीजपुरवठ्याच्या वाटेने पहिल्या टप्प्यात परतल्याने ती होते आणि पहिल्या टप्प्याचा स्वतंत्र कंडेन्सर सुधारल्यावर थांबते.

नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या शेतीप्रधान गावात यांखेरीज यंत्राबाहेरील कारणेही तपासावी लागतात. वीज गेल्यावर जुन्या पद्धतीचा चौकोनी तरंगाचा इन्व्हर्टर चालू झाला, तर 150 आणि 250 हर्ट्झचे उपस्वर मिसळून घरघरीची कर्कश भुणभुण होते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही तेच करतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्याने अर्थिंगचा रोध वाढतो, आणि रेकॉर्डप्लेअर व ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या अर्थला जोडलेले असतील, तर दोन अर्थमधील व्होल्टेजच्या फरकामुळे ऑडिओच्या तारेतून प्रवाह वाहून घरघर ऐकू येते. त्यावर प्लगची अर्थची पिन तोडण्याचा जो उपाय काही ठिकाणी केला जातो, तो कोणीही करू नये, कारण त्याने आवाज जाईलही, परंतु आत तार सुटल्यास पूर्ण व्होल्टेज धातूच्या चासीवर येते. दोन्ही यंत्रे एकाच सॉकेटपट्टीवर घेणे आणि अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत राहणे हा सुरक्षित मार्ग आहे. दोष आतला की बाहेरचा याचा निर्णय होत नसेल, तर इन्व्हर्टर व रेग्युलेटर बंद करून, शेतीपंपांचा थ्री-फेज पुरवठा नसलेल्या वेळी पुन्हा ऐकावे. तेव्हाही घरघर तशीच राहिली, तर ती चासीतच शोधावी लागते.