कड्यातील घरांच्या भेटीला

अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सात ते साडेआठ हजार फूट उंचीचे एक पठार आहे. त्याचे स्पॅनिश नाव ‘मेसा व्हर्डे’, म्हणजे हिरवे मेज. या पठाराला खोल दऱ्यांनी चिरले आहे. आणि त्या दऱ्यांच्या उभ्या कड्यांत, जेथे पाखरांनीच घरटी करावीत अशा कपारींत, माणसांनी बांधलेली सुमारे ६०० दगडी वसतिस्थाने आहेत.

ही घरे वेरूळच्या लेण्यांसारखी खडकात कोरलेली नव्हेत. वालुकाश्मात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते, बाहेर पाझरते आणि हिवाळ्यात गोठून खडकाचे कपचे सोडविते. अशा रीतीने कपारी झाल्या. त्यांत प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी इ. स. १२०० च्या सुमारास घडीव चिरे मातीच्या गाऱ्यात बसवून भिंती उभारल्या. मका, घेवडा व भोपळा पिकविणारी त्यांची शेते वर पठारावर होती. कड्यात खोदलेल्या, हातापायांची बोटे मावतील एवढ्याच खोबणींच्या आधाराने ते चढउतार करीत! ‘क्लिफ पॅलेस’ या सर्वांत मोठ्या वस्तीत सुमारे १५० खोल्या आहेत. धार्मिक विधींसाठी जमिनीखाली बांधलेल्या गोल खोल्यांना ‘किवा’ म्हणतात. त्यांत छतातून शिडीने उतरावे लागे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस दीर्घ अवर्षण पडले आणि लोक दक्षिणेकडे निघून गेले. ते ‘नाहीसे झाले’ असे पूर्वी लिहीत. ते खरे नव्हे. त्यांचे वंशज न्यू मेक्सिको व ॲरिझोना राज्यांत आजही राहतात आणि या घरांना आपल्या पूर्वजांची घरे मानतात.

१८८८ साली गुरे शोधणाऱ्या दोघांच्या दृष्टीस क्लिफ पॅलेस पडला. मग हौशी लोकांनी भिंती फोडल्या, भांडी नेली. १८९१ साली उत्खनन करून युरोपात नेलेल्या वस्तूंबरोबर मृतांच्या अस्थीही गेल्या. त्या २०२० साली फिनलंडने परत केल्या व याच भूमीत पुरल्या गेल्या. १९०६ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले ते ही लूट थांबावी म्हणूनच.

येथे जाणाऱ्याने हा इतिहास ध्यानी ठेवून बेत आखावा. मोठ्या घरांत मार्गदर्शकाविना प्रवेश नाही, म्हणून तिकिटे आधी घ्यावी लागतात. हिवाळ्यात बर्फामुळे या फेऱ्या बंद असतात. प्रवेशद्वारापासून मुख्य घरांपर्यंतचा रस्ता लांब व वळणावळणाचा. तेव्हा वेळेआधी निघणे बरे. हवा विरळ व कोरडी असल्याने जवळ पाणी हवेच. ‘बाल्कनी हाउस’साठी ३२ फूट उंचीची शिडी चढून, दीड फूट रुंदीच्या बोगद्यातून रांगत जावे लागते. ज्याला उंचीवर भोवळ येते त्याने समोरच्या कड्यावरूनच घरे पाहावीत. त्यात कमीपणा काहीच नाही.

भिंतीला टेकू नये, खापराचा तुकडाही उचलू नये. ‘स्प्रूस ट्री हाउस’ तर २०१५ पासून बंदच आहे. ज्या कपारीने त्याला शतकानुशतके ऊनपावसापासून राखले, तिचेच दगड आता निखळत आहेत. ते घर दुरूनच पाहावे लागते.