वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ताट

स्मरणिकेसाठी लेख द्या असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे बँकेच्या शैक्षणिक कर्जावर लिहीन असेच सर्वांना वाटले असेल. पण गेल्या वर्षभरात मंडळातील चार-पाच जणांनी मला विहाराच्या पायऱ्यांवर बाजूला घेऊन, आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारली. "तुम्ही ते पोटाचे ऑपरेशन केले म्हणे. आता जेवता तरी काय?" हा प्रश्न कुजबुजत विचारण्यासारखा नाही, म्हणून उत्तर सर्वांसमोर लिहून देत आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. जे लिहितो ते स्वतः भोगलेले आणि डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञ बाईंकडून समजून घेतलेले आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये माझी शस्त्रक्रिया झाली. तेव्हा उंची पाच फूट सहा इंच आणि वजन १३१ किलो होते. नऊ वर्षांचा मधुमेह, दोन वेळा इन्शुलिन आणि झोपेत घोरता घोरता श्वासच थांबायचा. पत्नी रात्री उठून मला हलवीत असे. काउंटरवरून उठून स्ट्राँगरूमपर्यंत जायचे म्हटले तरी गुडघे बोलायचे. उपास केले, चालणे केले, काढे प्यालो. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. लठ्ठपणा हा खादाडपणा नसून आजार आहे, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी सांगितले. तोपर्यंत सर्वांनी, आणि मी स्वतःही, मला आळशीच समजले होते.

पुष्कळांची समजूत अशी की पोटावरची चरबी कापून काढतात. तसे नाही. चरबीला हातही लावत नाहीत. सध्या दोन पद्धती अधिक चालतात. एकीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी नळी ठेवतात, तिला स्लीव्ह म्हणतात. दुसरी बायपास. तिच्यात जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचे जठर पोटात तसेच राहते, पण अन्न त्यातून जात नाही, आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही टळतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली वजनासाठी बायपास सुरू केली, तेव्हा पोट उघडावे लागे. आता दुर्बिणीतून पाच-सहा छोट्या छिद्रांनी होते. मधुमेह होता म्हणून मला बायपास सुचवली गेली. या जोडणीमुळे आतड्यातून निघणारी काही संप्रेरके बदलतात. भूक कमी होते आणि वजन फारसे उतरण्याआधीच साखर खाली येऊ लागते. माझे इन्शुलिन आठवड्याभरात बंद झाले, एक गोळी मात्र अजून चालू आहे. मधुमेह कायमचा गेला असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि साखर अशी खाली येत असताना जुन्याच मात्रेत औषधे घेत राहणे धोक्याचे असते, त्यामुळे पहिल्या महिन्यात डॉक्टरांशी सतत संपर्क हवा.

शस्त्रक्रिया दोन-अडीच तासांत उरकली. जेवायला शिकण्यात वर्ष गेले.

पहिले दोन दिवस पाणी, तेही ३० मिलीच्या औषधाच्या मापाने, घोट घोट. नंतर दोन आठवडे पातळ पदार्थ, म्हणजे मुगाचे गाळलेले कढण, पातळ ताक, साय काढलेले दूध आणि चिकनचे पाणी. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले वरण, मऊ पनीर, कालवलेले अंडे. मग मऊ जेवण, आणि दोन महिन्यांनी घरातले सर्वसाधारण अन्न. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, आपल्या डॉक्टरांनी दिलेलेच पाळावे. हे टप्पे ताज्या टाक्यांसाठी आहेत, जिभेसाठी नाहीत.

मी पाचव्या आठवड्यात चुलतभावाच्या हळदीला गेलो. मटणाचा वास आला, एक तुकडा घेतला आणि सवयीने दोनदा चावून गिळला. तो छातीच्या मधोमध अडकला. तोंडाला फेसासारखी लाळ सुटली. घोटभर पाण्याने उतरेल म्हणून पाणी प्यालो, तर दुखणे दुप्पट झाले. मंडपामागे उलटी झाली तेव्हा सुटका झाली. लोकांना वाटले मी पिऊन आलो आहे! चूक सर्वस्वी माझीच होती. अंड्याएवढ्या पिशवीला खाली जाण्याचा दरवाजा बोटाएवढाही नसतो, तेव्हा दातांचे काम दातांनीच केले पाहिजे. आता घास लहान, वीस-पंचवीस वेळा चावणे आणि एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे. छातीत जडपणा आला, उचकी लागली किंवा नाकातून पाणी आले की घास खाली ठेवायचा. पोट भरल्याची ती नवी खूण आहे. पूर्वीसारखा ढेकर येण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

ताटातला क्रमही उलटा झाला. आपण आधी भाकरी मोडतो. मी आधी अंडे, मासा, चिकन किंवा घट्ट डाळ खातो, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी आमटीत कुस्करून. याचे कारण प्रथिने. शरीर झपाट्याने उतरत असताना प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी हवीत असे मला सांगितले आहे. ऐकायला हे सोपे वाटते. पण एका अंड्यात सहा ग्रॅम आणि वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात. पोटात एका वेळी अर्धी वाटी मावत असेल तर हिशेब कुठे जुळायचा? म्हणून पहिले काही महिने पावडर घ्यावी लागली. ओले बोंबील मला चांगले मानवतात. भात, नरम पाव आणि गरम पोळी मात्र आत जाऊन गोळा होतात. कित्येकांची हीच तक्रार असते.

पाणी जेवणाबरोबर नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचे आणि दिवसभरात घोटाघोटाने दीड-दोन लिटर पूर्ण करायचे. माझ्या काउंटरवर शिक्क्याशेजारी बाटली असते. दर चार-पाच ग्राहकांमागे एक घोट, असा नियम मी घालून घेतला आहे. सोड्याची पेये बंद. बायपासनंतर दारू फार वेगाने चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो. पाचवे शील पाळणाऱ्यांना हा प्रश्न नाही, पण सगळेच पाळतात असे नाही, म्हणून लिहिले. तंबाखू-सिगारेट आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, या दोहोंनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो.

आता खिरीची गोष्ट. १६ मे २०२२ ची वैशाख पौर्णिमा. आपल्या खीरदानाला मी उभा होतो आणि तीन महिन्यांनी तोंड गोड करावे म्हणून द्रोणभर खीर घेतली. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, घामाने सदरा भिजला, पोटात कळ आली. मागच्या खोलीत सतरंजीवर तासभर पडून राहिलो. काहींना तो हृदयविकाराचा झटका वाटला. ते डम्पिंग होते. पूर्वी जठर गोड पदार्थ थोडा वेळ धरून हळूहळू पुढे सोडत असे. आता तो पहारेकरी नाही. साखर एकदम आतड्यात उतरते, ती पाणी ओढते आणि शरीर गडबडून जाते. काहींना दोन-तीन तासांनी उलट प्रकार होतो. इन्शुलिन जास्त सुटून साखर खाली जाते, चक्कर येते. सर्वांना हे होतेच असे नाही, स्लीव्हमध्ये त्या मानाने कमी होते. आता मी खीर वाढतो, खात नाही. तीन-चार चमच्यांवर थांबता येईल इतका भरवसा मला माझा वाटत नाही.

यापेक्षा अवघड गेले ते आईला समजावणे. आईने १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी तिच्या अजून जिभेवर आहे. मुलगा बँकेत लागला, अंगाने भरला, यात तिला आपल्या कष्टाचे फळ दिसत होते. तो मुलगा अर्ध्या वाटीवर हात धुऊन उठतो, हे तिला पाहवेना. "माझ्या हातचे गोड लागत नाही का रे?" असे म्हणून ती पदराने डोळे पुशी. नातेवाइकांकडेही तेच. आपल्या समाजात तर ताट नाकारण्याला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. ज्यांच्या हातचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या कोणी घेतले नाही, त्यांच्या घरचे ताट परत केले की ते कुठे लागते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी ताट परत करीत नाही. जाण्याआधी फोन करून सांगतो, लहान वाटी मागून घेतो, आणि सगळ्यांचे जेवण होईपर्यंत पंगतीत बसून तेवढेच सावकाश खातो. आईला शेवटी आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी मापाचा पेला तिच्याच हातात दिला आणि आता यांचे पोट एवढेच, असे दाखवले. माझ्या दहा भाषणांनी जे झाले नव्हते ते त्या पेल्याने झाले. हल्ली मी जास्त घेतले तर तीच ओरडते.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची कथा आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी मात्रा जाणून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली आणि राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला नेमले. हळूहळू राजाचे प्रमाण एका नाळीवर आले. मला त्यातला सुदस्सन महत्त्वाचा वाटतो. राजालासुद्धा शेजारी बसून आठवण देणारे माणूस लागले. आमच्या घरी ते काम माझी सातवीतली मुलगी करते. पण या कथेचा आधार घेऊन कोणी जाड माणसाला पंगतीत उपदेश करू नये. तो आम्ही पुष्कळ ऐकलेला असतो.

आता माझी सर्वांत मोठी चूक सांगतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि विशेषतः बी-१२ पुरेसे शोषले जात नाही, कारण बी-१२ पचायला जठरातला रस लागतो आणि अन्नाची व त्या रसाची भेटच नीट होत नाही. वर्षभराने वजन ८८ किलोवर आले, सगळे छान चालले होते. मी गोळ्या सोडल्या. दर महिन्याचा खर्च वाचतो, एवढाच हिशेब केला. यकृतात बी-१२ चा साठा असतो, म्हणून लगेच काही झाले नाही. आठ-नऊ महिन्यांनी तळपाय बधिर झाले, मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एके दिवशी नोटा मोजताना बोटांखाली दोन नोटा आहेत की एक, हे कळेना. संध्याकाळी रोकड पाचशेने कमी भरली, ती खिशातून भरली. तपासणीत बी-१२ फार खाली निघाले. इंजेक्शने घेतल्यावर हातांच्या मुंग्या गेल्या, डाव्या तळपायाची बधिरता मात्र पूर्ण गेलेली नाही. उशीर झाला तर नसांचे नुकसान भरून येईलच असे नसते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासायला सांगतात. ते पैसे शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरून ठेवावेत. सतत उलट्या होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, बहुतेकांचे पुढे परत येतात. गाल बसतात. बँकेत दोघांनी मला कर्करोग झाला असे ठरवूनही टाकले होते. दीड-दोन वर्षांनंतर थोडे वजन परत येते. माझे आज ९२ आहे, कारण काउंटरवर चिवडा खाण्याची सवय पुन्हा डोके वर काढते. चिवडा सहज खाली उतरतो, अडकत नाही, हीच त्यातली अडचण.

कॉलेजच्या विद्यार्थिनींपैकी एकीने लग्नाआधी बारीक व्हायचे म्हणून विचारले होते. ही शस्त्रक्रिया त्यासाठी नाही. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो तो बीएमआय. माझा ४७ होता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात ३५ च्या वर शस्त्रक्रिया सुचवली आहे, आणि आशियाई लोकांत २७.५ पासून विचार करता येतो असे म्हटले आहे. विम्याचे मोजमाप मात्र वेगळे. विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या प्रमाण अटींत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, तीव्र श्वासरोध असे गंभीर आजार, अशी अट आहे. आपल्या पॉलिसीचा कागद आधी वाचा, प्रतीक्षाकाळ पाहा आणि कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, हे सासर-माहेर दोघांनाही आधीच माहीत असावे.

ज्यांना अधिक विचारायचे असेल त्यांच्यासाठी मी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबतो. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बरोबर आणावे.